आधी जोर येतो, मग अंग भरतं

गेल्या श्रावणात आई तापाने वीस दिवस अंथरुणाला खिळली होती. ताप उतरला, तोंडाला चव आली, पण जेवण झाल्यावर खुर्चीतून उठायची वेळ आली की ती दोन्ही हात गुडघ्यांवर दाबायची, पुढे झुकायची, अर्धवट उठायची आणि परत मागे टेकायची. मग माझ्याकडे बघायची. जन्मभर उकिडवं बसून भांडी घासलेल्या बाईला खुर्चीतून उठायला माझा हात लागत होता. तपासायला नेलं तेव्हा सांगितलं गेलं, "७१ वर्षांचं वय आहे, आता असं व्हायचंच. फार हालचाल करू देऊ नका." तो सल्ला चुकीचा होता. का चुकीचा होता, ते समजून घेताना मला स्नायूंबद्दल जे कळलं ते इथे लिहिते आहे.

ओळखीतल्या एका फिजिओथेरपिस्टने वेगळंच सांगितलं. खुर्चीवर दोन उशा ठेवायच्या, म्हणजे बैठक उंच होते. हातांची घडी छातीवर घालून उठायचं आणि बसायचं. पाच वेळा, दिवसातून तीनदा. जमू लागलं की एक उशी काढायची. पहिल्या दिवशी आईच्या मांड्या थरथरत होत्या आणि दुसऱ्याच खेपेला ती "पुरे गं" म्हणाली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोन्ही उशा पलंगावर परत गेल्या होत्या आणि आई हात न टेकता उठत होती. मी पहिल्या दिवशी शिवणाच्या टेपने तिची मांडी मोजून वहीत लिहून ठेवली होती. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजली. सुताचाही फरक नव्हता.

मग ताकद आली कुठून?

आमचे थोरले काका तरुणपणी कोल्हापुरात तालमीत जायचे. त्यांना हे सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. म्हणाले, "आमचे वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायचे, आधी जोर येतो, मग अंग भरतं. आरशात बघत बसू नको." शरीरशास्त्र गेल्या शे-सव्वाशे वर्षांत जे शिकलं त्याचा गाभा या वाक्यात आहे. आता तो जरा उलगडून बघू.

मटण चांगलं शिजलं की बोटाने ओढल्यावर त्याचे धागे सुटतात. आपला स्नायूही असाच धाग्यांच्या जुड्यांचा बनलेला आहे. जुडी सोडवत गेलात की शेवटी एक तंतू हाती लागतो. जाडीला केसाएवढा किंवा त्याहून बारीक, पण लांबीला कित्येक सेंटिमीटर असू शकतो. हा एक तंतू म्हणजे एकच पेशी. इतर पेशींत साधारणपणे एक केंद्रक असतं, इथे शेकड्यांनी असतात, कारण एवढ्या लांबलचक पेशीचा कारभार एका केंद्रकाला झेपणारा नसतो.

या तंतूच्या आत आणखी बारीक दोऱ्या असतात आणि त्या दोऱ्यांवर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावेत एवढे छोटे कप्पे एकापुढे एक मांडलेले असतात. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारच्या प्रथिनांचे धागे एकमेकांत शिरलेले असतात. जाड धागा मायोसिनचा, बारीक अॅक्टिनचा. मायोसिनला लहान लहान डोकी असतात. ती अॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे जाऊन परत पकडतात. गावच्या जत्रेत रस्सीखेच बघितली असेल, तर हात कसे पुढे पुढे सरकवत दोर ओढतात ते आठवा. धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात आणि कप्पा आखूड होतो. असे लाखो कप्पे एकाच वेळी आखूड झाले की आई खुर्चीतून उठते. ही कल्पना १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात मांडली. एका गटात अँड्र्यू हक्सली होते, दुसऱ्यात ह्यू हक्सली, आणि दोघांचं एकमेकांशी काहीही नातं नव्हतं.

पण दोर ओढणारी माणसं कितीही असली, तरी "ओढा" म्हणणारा कुणीतरी लागतो. स्नायूला तो हुकूम मज्जारज्जूतल्या चेतापेशीकडून येतो. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे तंतू मिळून एक टोळी होते. हुकूम आला की त्या टोळीतले सगळे तंतू ओढतात, अर्धेमुर्धे नाही. डोळा हलवणाऱ्या स्नायूत एका टोळीत जेमतेम दहा तंतू असतात, म्हणून तर डोळा केसभरही फिरवता येतो. पोटरीतल्या टोळीत हजाराहून जास्त.

या टोळ्यांना बोलावण्याचा क्रम ठरलेला असतो आणि तो मला फार सुंदर वाटतो. लग्नघरात सुरुवातीला घरची चारदोन माणसं कामं उरकत असतात. पाहुणे वाढले की भाऊबंद येतात, आणि पंगत अंगणाबाहेर गेली की अख्खी आळी वाढायला उभी राहते. स्नायूचंही तसंच. चहाचा कप उचलायला लहान, न थकणाऱ्या टोळ्या पुरतात. तांदळाचं पोतं उचलायचं असेल तरच मोठ्या, जोरकस आणि पटकन थकणाऱ्या टोळ्यांना बोलावणं जातं. ज्यांना बरेच दिवस कुणी बोलावलेलंच नाही, त्यांना ऐन वेळी हाक नीट पोचत नाही.

आईच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. स्नायू थोडे झिजले होते हे खरं, पण जे उरले होते त्यांनाही ती पूर्ण कामाला लावू शकत नव्हती. रोजच्या पंधरा उठण्यांनी आधी ही बोलावण्याची यंत्रणा सुधारली. जास्त टोळ्या कामाला लागल्या, हुकूम भराभर सुटू लागले. आणखी एक गोष्ट झाली. मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो, मागचा वाकवतो. नवख्या माणसाचं शरीर भीतीने दोन्ही आवळून धरतं, म्हणजे एका हाताने ढकलायचं आणि दुसऱ्याने अडवायचं. सवय झाली की मागचा स्नायू ढिला सोडायला शिकतो. पहिल्या दिवसाची ती थरथर बऱ्याच अंशी या गोंधळाची होती.

हे सगळं मज्जासंस्थेत घडतं याचा पुरावा तर १८९४ पासून आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच हाताला व्यायाम दिला, तर स्वस्थ बसलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद वाढली. दुसऱ्या हाताच्या स्नायूंनी काहीच केलं नव्हतं. शिकली होती ती वरची यंत्रणा. आज प्लास्टरमधल्या हाताची ताकद टिकावी म्हणून चांगल्या हाताला व्यायाम देतात, तो याच आधारावर.

आणि ज्या अभ्यासामुळे मी आईच्या बाबतीत हट्टाला पेटले, तो १९९० सालचा. बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी सरासरी ९० वर्षं वयाच्या दहा जणांना मांड्यांसाठी वजनाचा व्यायाम दिला, तोही हलकाफुलका नव्हे, चांगला जड. आठ आठवड्यांनी, शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. मांडीतला स्नायू मात्र ९ टक्क्यांनीच वाढला होता. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. नव्वदीतल्या शरीराने जोर आधी कमावला, अंग मागून.

कमी वजनात जोर किती मावतो हे आपल्याकडच्या कुस्तीइतकं कुठे दिसत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात लढले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्यपदक, घेऊन आले. गटाच्या वजनाला मर्यादा असते, अंग भरत नेण्याची तिथे सोयच नसते. वर्षानुवर्षांच्या मेहनतीतून वाढतो तो त्याच ५७ किलोंमधल्या एकेका तंतूला योग्य क्षणी कामाला लावायचा हुकूम.

आता दुसरा भाग, अंग भरण्याचा. साधारण महिना-दोन महिने नेमाने व्यायाम झाला की फरक डोळ्यांना दिसू लागतो. इथे एक गैरसमज काढून टाकते. तंतूंची संख्या वाढत नाही. ती जन्माच्या आसपास जवळजवळ ठरून जाते. वाढते ती आहे त्या तंतूंची जाडी, कारण आत मायोसिन आणि अॅक्टिनच्या नव्या दोऱ्या भरल्या जातात.

मराठीत आपण शरीर "कमावलं" म्हणतो, ते मला फार नेमकं वाटतं, कारण स्नायूचा कारभार खरोखरच जमाखर्चाचा आहे. स्नायूतल्या प्रथिनांपैकी रोज साधारण १ ते २ टक्के मोडली जातात आणि तेवढीच नवी बांधली जातात. तुम्ही काहीही केलं नाही तरी हे चालूच असतं. जड काम केलं की बांधकामाचा वेग वाढतो आणि पुढचा दीड-दोन दिवस वाढलेला राहतो. जमा खर्चाच्या वर गेली, पुरेशी प्रथिनं पोटात गेली, की तंतू थोडा जाड होतो. म्हणजे वजन उचलत असताना स्नायू वाढत नाही, तो नंतर जेवताना-झोपताना वाढतो. तालमीत मेहनत झाल्यावर खुराक आणि दुपारची झोप यांचा एवढा आग्रह असायचा, तो उगाच नाही.

स्नायूला कळतं कसं की आता बांधायला हवं? मुख्य खूण म्हणजे ताण. तंतूवर जोराचा ओढा पडला की पेशीतली एमटॉर नावाची कळ दाबली जाते आणि प्रथिनं बांधणारे कारखाने सुरू होतात. या कळीच्या नावामागची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९६४ साली एक शोधमोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर, म्हणजे तिथल्या लोकांच्या रापा नुईवर गेली आणि तिथल्या मातीचे नमुने घेऊन आली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल या मूळच्या आपल्याकडच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पदार्थ वेगळा काढला. बेटाच्या नावावरून त्याला रापामायसिन म्हणतात. पुढे तो मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर औषध म्हणून वापरात आला. हा पदार्थ पेशीत ज्या कळीवर जाऊन बसतो, तिलाच एमटॉर, म्हणजे रापामायसिनचं लक्ष्य, हे नाव पडलं. रापामायसिन दिलं की व्यायामानंतरची प्रथिनांची बांधणी वाढतच नाही, आणि त्यावरूनच कळलं की ही कळ किती मोक्याची आहे.

या बांधकामाला मनुष्यबळही लागतं. तंतूच्या कडेला काही छोट्या पेशी झोपलेल्या असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी त्या १९६१ मध्ये दाखवून दिल्या आणि त्यांना सॅटेलाइट पेशी म्हटलं. दुखापत झाली किंवा भार वाढला की त्या जाग्या होतात, वाढतात आणि तंतूत विलीन होऊन त्याला नवी केंद्रकं देतात. उलट, वाढीला लगाम घालणारंही एक प्रथिन आहे, मायोस्टॅटिन, १९९७ साली सापडलेलं. बेल्जियमच्या एका जातीच्या गाईबैलांत त्याचं जनुक बिघडलेलं असतं, आणि ती जनावरं कुणी रोज आखाड्यात घुमवल्यासारखी दिसतात.

अंग दुखण्याबद्दल लोक फार विचारतात, म्हणून जरा थांबते. सिंहगड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी जिने उतरताना मांड्या ओरडतात. ते दुखणं चढण्याचं नसून बहुतांशी उतरण्याचं असतं. उतरताना मांडीचा स्नायू आवळलेला असतानाच लांबवला जातो, ब्रेक दाबत गाडी घाटातून खाली आणावी तसा. त्याने तंतूंत सूक्ष्म इजा होतात, भोवती सूज येते, आणि दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. लॅक्टिक आम्ल साचल्याने दुखतं हे आपण शाळेपासून ऐकत आलो, पण ते तासाभरात निघून जातं. पुढच्या रविवारी तोच गड केलात तर दुखणं बरंच कमी असेल, कारण स्नायूने तेवढ्यात बंदोबस्त केलेला असतो. म्हणून "दुखलं नाही म्हणजे व्यायाम लागला नाही" हे खरं नाही. मात्र ब्रेक लावण्याच्या कामाने ताकद उत्तम येते हे खरं आहे. आई सुरुवातीला खुर्चीत धपकन बसायची. "तीन आकडे मोज आणि मग टेक," हे मी दिवसातून तीनदा म्हणत होते. उठण्याइतकंच ते सावकाश बसणं तिला वर आणत होतं.

उशा काढत जाण्यामागेही एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात गुडघ्याला इजा झालेल्या अमेरिकन सैनिकांना हलक्या वजनाने पुष्कळ वेळा पाय हलवायला सांगत आणि ते महिनोन्‌महिने रेंगाळत. थॉमस डिलॉर्म या लष्करी डॉक्टरांनी त्यांना जड वजन थोड्याच वेळा उचलायला लावलं आणि जमेल तसं ते वाढवत नेलं. सैनिक लवकर उभे राहिले. १९४५ मध्ये त्यांनी हे लिहून काढलं. भार चढता हवा, हा नियम तिथून वैद्यकात रुळला. इथे काकांशी माझं थोडं वाजतं. ते अजून हजार बैठकांचा अभिमान बाळगतात. बैठका उत्तमच, पण एकदा शंभर सहज जमू लागल्या की पुढच्या नऊशेंनी मुख्यतः दम वाढतो, जोर नाही. जोर हवा तर भार वाढवावा लागतो, मुद्गल फिरवून, जोडीदाराला खांद्यावर घेऊन किंवा लोखंडी वजनाने. नुसतं अंग भरायला मात्र मध्यम किंवा हलकं वजनही चालतं, अट एवढीच की शेवटच्या दोन-तीन खेपा खरोखर जड गेल्या पाहिजेत.

खाण्याचं काय? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. स्नायू कमावायचे असतील तर १.२ ते १.६ ग्रॅम बरी. आईचं वजन ५४ किलो, म्हणजे किमान ४५ ग्रॅम आणि उभारी धरायला ६५ च्या आसपास. मी तिचं एक दिवसाचं खाणं लिहून काढलं तेव्हा माझाच चेहरा उतरला. सकाळी चहा-बिस्किट, मग वाटीभर पोहे, दुपारी भात आणि पातळ आमटी, रात्री अर्धी भाकरी आणि भाजी. तिशीसुद्धा गाठत नव्हती. आमटी पातळ असली की डाळ तळाशीच राहते. मग सकाळी दोन उकडलेली अंडी आली, म्हणजे १२ ग्रॅम. भाजीत दाण्याचं कूट वाढलं, वरण घट्ट झालं, रात्री झोपताना पेलाभर दूध, मधल्या वेळी मूठभर फुटाणे किंवा दही. उतारवयात स्नायू प्रथिनांना तितक्या चटकन प्रतिसाद देत नाहीत, म्हणून दर जेवणात थोडी जास्तच घ्यावी लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावं. डब्यातल्या पावडरीची भुरळ पडते, पण व्हे पावडरीतलं प्रोटीन म्हणजे पनीर करताना खाली जे पाणी उरतं त्यातलंच, सुकवलेलं. सोय म्हणून घ्या, जादू म्हणून नको.

बायकांनी वजन उचललं तर त्या पुरुषी दिसतील, ही भीती अजून घराघरांत आहे आणि तिने किती जणींचं नुकसान केलंय याचा मला राग येतो. स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रियांच्या शरीरात पुरुषांच्या मानाने फारच थोडं असतं. त्यांची ताकद पुरुषांइतक्याच प्रमाणात वाढते, पण आकार मात्र मुळातच लहान असल्याने दंड फुगत नाहीत. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला सार्कोपेनिया हे नाव दिलं, तोवर हे "वय झालं" याच नावाखाली खपून जात होतं. त्यातही जलद ओढणारे तंतू आधी जातात. उंबऱ्याला पाय अडखळला तर दुसरा पाय झटकन पुढे टाकणारे तेच तंतू असतात. ते नसले की माणूस सावरत नाही, पडतो, आणि खुब्याचं हाड मोडतं. शिवाय जेवणानंतर रक्तात आलेली साखर शोषून घेणारं सर्वांत मोठं कोठार स्नायूच आहे. घरोघर मधुमेह असलेल्या आपल्यासारख्यांनी हे विसरून कसं चालेल?

आणि आराम? २००७ मध्ये एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. फक्त दहा दिवसांत. आईने वीस दिवस काढले होते, आणि त्यावर उपाय म्हणून तिला आणखी आराम सांगितला गेला होता.

उशा संपल्यावर आम्ही खुर्चीऐवजी कमी उंचीचं स्टूल घेतलं. मग हातात दोन किलो गव्हाची पिशवी, मग चार किलोंची. दिवस दिवाळीचे होते, फराळाच्या गडबडीतही तिने खेपा चुकवल्या नाहीत. उशीर झाला तर मी काही म्हणायच्या आत स्वतःच स्टूल ओढायची. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा टेप काढली आणि त्याच जागी, गुडघ्याच्या वाटीपासून एक वीत वर, गुंडाळली. वहीतल्या आकड्यापेक्षा दीड सेंटिमीटर जास्त भरलं. मी तिला आकडा दाखवला. तिने चष्मा लावून तो बघितला आणि म्हणाली, "टेप सैल धरली असशील. पुन्हा मोज."

पुन्हा मोजली. दीडच होतं.